चिंचेखालच्या बाटल्या

नलावडे सर कॉलेजची पोरं घेऊन आमच्या गावात आले की वेशीवरच्या चिंचेखाली आधी बाटल्यांचा ढीग पडायचा. उल्हासनगरहून टेम्पोने आलेली मुलं खाली उतरली की सर चिंचेच्या बुंध्याशी उभे राहायचे आणि प्रत्येकाने आपली पाण्याची बाटली पिशवीतून काढून तिथे ठेवायची. निळ्या, गुलाबी, स्टीलच्या, आयांनी वर लोकरीचा मोजा चढवलेल्या, सगळ्या बाटल्या दिवसभर तिथे पडून असत. पोरं कुरकुरायची. एखादी म्हणायची, सर, मला बाहेरचं पाणी सोसत नाही. सर तिला शांतपणे सांगायचे, "मग तू टेम्पोत बस. लोकांच्या घरात आपलं पाणी घेऊन जायचं नसतं. आधी घोटभर, मग शब्दभर."

सर रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या बहुतेकांना आज त्यातलं एक समीकरण आठवत नसेल, पण हे घोटभर आणि शब्दभर सगळ्यांना आठवतं. मलाही आठवतं, आणि आता त्याचा त्रासच जास्त होतो.

आमचं गाव अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे, कारखान्यांच्या पट्ट्याच्या उताराला आहे. जुनी आगरी घरं, थोडी भातशेती, आणि आता चारी बाजूंनी चढत आलेल्या बिल्डिंगा. सरांच्या आधीही गावात शिकलेली माणसं यायची. हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र, आणि दारातच उभं राहून विचारणार की घरात शौचालय आहे का, नवरा दारू पितो का. माझी चुलती हिराकाकी अशा लोकांना मनाला येईल ते सांगायची. एकदा तिने सात म्हशी लिहून घ्यायला लावल्या होत्या. आमच्या गोठ्यात तेव्हा एक बंद पडलेली स्कूटर होती.

सर पहिल्यांदा आले तेव्हा मी बारावीला होते. दुपारची वेळ होती. रबरी चपला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला शबनम, असा एक काळासावळा माणूस ओट्यावर येऊन टेकला आणि म्हणाला, "पाणी मिळेल का?" काकीने तांब्या आणि वर पेला ठेवला. त्यांनी पेला तोंडाला लावून पाणी प्यायलं, बाहीने तोंड पुसलं, आणखी एक पेला मागितला आणि मग नुसतेच बसून राहिले. काकी प्रश्नांची वाट बघत उभी होती. प्रश्न काही येईनात, तेव्हा तिलाच राहवेना. कुठले तुम्ही, सातारकडचे का, राहता कुठे, बदलापूरला का, मुलंबाळं किती, बायको काय करते, सगळं तिने काढून घेतलं. सरांनी शाळेतल्या मुलासारखी सरळ उत्तरं दिली आणि निघून गेले. काकी आत येऊन आईला म्हणाली, "यो मास्तर काय इचारलाच नाय. मीच इचारत बसले."

पुढच्या वर्षी मी त्यांच्याच कॉलेजात गेले, तेव्हा कळलं की विद्यापीठाने प्रत्येक कॉलेजला एक गाव दत्तक घ्यायला सांगितलं होतं आणि आमच्या कॉलेजच्या वाट्याला आमचं गाव आलं होतं. वेशीवर तसा पत्र्याचा बोर्डही लागला. वर कॉलेजचं नाव, मधे मोठ्या अक्षरांत ‘दत्तक ग्राम’, खाली आमचं नाव. काकीला वाचता येत नाही. तिने मला वाचायला लावलं आणि विचारलं, "दत्तक? कनाला? आमचे आयबाप मेले का?"

मी हे सरांना सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. पुढच्या रविवारी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले आणि स्टुलावर चढून ‘दत्तक’ हा शब्द स्वतः पुसून गेले. त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही. प्रिन्सिपल मॅडमनी त्यांना बोलावून विचारलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, दत्तक पोराला उलट बोलायची सोय नसते. आपल्याला सोयरीक करायची आहे. सोयऱ्याला मान द्यावा लागतो आणि त्याची बोलणीही खावी लागतात." मॅडम सिंधी, व्यवहाराला पक्क्या आणि मनाने चांगल्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि विषय सोडून दिला. तो बोर्ड अजून आहे, मधल्या पांढऱ्या पट्ट्यासकट.

सोयरीक म्हणजे जाणंयेणं दोन्हीकडून हवं, हा सरांचा हेका. हिराकाकी आमच्या गावची धवलारीण. आमच्यात लग्नातले विधी होतात ते बाई गाते त्या धवल्यांवर, आणि पंचक्रोशीतली लग्नं काकीच्या गळ्यावर लागायची. सरांनी तिला कॉलेजात धवले सांगायला बोलावलं. ती नऊवारी नेसून, नथ घालून, माझ्याबरोबर रिक्षाने उल्हासनगरला आली. हॉल भरला होता. काकीला स्टेजवर खुर्ची दिली, शाल दिली, आणि पाणी म्हणून सीलबंद बाटली दिली. तिने ती उलटसुलट करून बघितली, झाकण काही तिला उघडेना. मग हळूच माझ्याकडे बघून म्हणाली, "यांच्याकडं पाहुन्याला पानी इकतचा देतात?" पहिल्या रांगेत बसलेल्या सरांनी ते ऐकलं. ते उठले, स्टाफरूममधल्या माठातून पेला भरून आणला, आणि सगळ्या कॉलेजसमोर दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. काकी प्यायली आणि मग गायली. इतकी छान गायली की मॅडमनी डोळे पुसले.

त्या काळात सर आमच्या ओट्यावर घरच्यासारखे बसायचे. एकदा असेच बसलेले असताना काकीला फोन आला की पलीकडच्या गावातला लांबचा सोयरा गेला. काकी बोलणं अर्धवट टाकून उठली, अंगणातल्या विहिरीवर गेली, लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनी परत येऊन चहा टाकला. सरांनी मला विचारलं, हे काय? मी सांगितलं की नात्यातल्या मयताची बातमी कानावर आली की आंघोळ लागते, असेल तिथे, असेल तशी. सर काकीला म्हणाले, "मी पण ऐकली बातमी. मलाही लागते का?"

"तुमाना कनाला? रक्ताला लागते, नाय तं सोयऱ्याला."

"मग मी कोण?"

काकीने त्यांच्याकडे जरा बघितलं आणि म्हणाली, "अजून बगतंय."

हे सर स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत सुटले. अजून बघतायत, म्हणायचे, वशिला लावता आला तर लावा. ते दिवस चांगले होते, आणि मला ते आठवायला आवडत नाहीत.

हिराकाकीच्या अंगणातली ती विहीर सगळ्या गावाची. गावात कुणाचंही लग्न असो, हळदीच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत तिथेच पाणी आणायला यायच्या. बाळंतिणीला पाणी तिथलं, मयताच्या तोंडात पाणी तिथलं. एका उन्हाळ्यात काकीने सरांना समोर बसवून घेतलं आणि म्हणाली, "वर्साला येताव, इचारून जाताव. आता आमचा इचारायचा हाय." कारखान्यांकडून येणारा नाला वारावारी रंग बदलतो, भांड्यांवर कसलासा थर धरतो, पोरांच्या अंगावर पुरळ उठतं, आणि पाण्याला आताशा वास येतो. माझी हीर चांगली हाय का नाय, तेवढा सांगा.

मी सरांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. कॉलेजात परतल्यावर वर्गात फळ्याजवळ फेऱ्या मारत म्हणाले, "आजवर आपण त्यांना विचारत होतो. आज गावाने आपल्याला विचारलं. प्रश्न गावाचा, प्रयोगशाळा आपली." आणि त्यांनी काकीला शब्द दिला होता की उत्तर काहीही येवो, ते आधी तिच्या अंगणात सांगितलं जाईल. आधी मॅडमना नाही, विद्यापीठाला नाही, पेपरवाल्यांना तर नाहीच.

मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. नमुने मीच आणायचे, कॉलेजच्या वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये सगळं आम्हीच करायचो. पहिले निकाल आले तेव्हा सरांनी काचेची भांडी पुन्हा धुवायला लावली. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन नमुने घेतले आणि बाहेरच्या एका लॅबमध्ये पाठवले. तिथूनही तेच आलं. वरून झिरपत आलेल्या सांडपाण्यातले धातू विहिरीत उतरले होते. उकळून जाणारी ती गोष्ट नव्हती, गाळूनही जाणारी नव्हती. सर खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ खालचा उल्हासनगर कॅम्पातला बाजार बघत राहिले. मग म्हणाले, "हिराकाकींना मीच सांगणार. तू घरी काही बोलू नकोस." मी बोलले नाही. चार दिवस घरात तेच पाणी पीत राहिले आणि गप्प बसले. तसं सरांचं सांगणंच होतं.

ठरलेल्या दिवशी काकीच्या अंगणात सतरंज्या घातल्या. सगळं गाव आलं होतं, बायका ओट्यावर, पुरुष खाली. सर आले, बसले. काकीने पितळी तांब्या घासून लखलखीत केला होता. तो तिने विहिरीवर भरला आणि पेल्यासकट सरांपुढे आणून ठेवला. कुणी आलं की आधी पाणी, त्यात तिने वेगळं काही केलं नव्हतं. ती समोर उभी राहिली, पदर खोचून, रोजच्यासारखी.

मी मागे उभी होते. सरांनी तांब्याकडे बघितलं, काकीकडे बघितलं, आणि त्यांचा हात पुढे गेला. पेला भरला, तोंडाला लावला, पूर्ण प्यायले. बाहीने तोंड पुसलं. आणि मग ते बोलायला लागले.

सर सगळं नीट बोलले. कुठून आलंय, काय आलंय, एका दिवसात काही होत नाही पण वर्षानुवर्षं पोटात साठत जातं, लहान मुलांना आणि पोटुशा बायकांना जास्त धोका. आजपासून हे पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकाला वापरायचं नाही. एक शब्द चुकीचा नव्हता. सरांचं बोलून झालं. मग काकी म्हणाली, "मास्तर, तुमी तं आताच पिलाव."

"हो."

"मंग?"

सरांनी पुन्हा समजावलं की एका पेल्याने काही होत नसतं. पण तोवर माणसं उठायला लागली होती. कुणी रागावलं नव्हतं, उलट सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. माझा चुलतभाऊ महेश कारखान्यातच कामाला होता. चपला घालता घालता तो शेजारच्याला म्हणाला, "सरने खुद पिया ना बॉस, मग टेन्शन कशाला?" संध्याकाळपर्यंत हे वाक्य गावभर झालं. सरांनी पिलं. सरांनी स्वतः पिलं. जो तो दुसऱ्याला हेच सांगत होता.

परत निघताना आम्ही चिंचेखाली थांबलो. सर बुंध्याला टेकून उभे होते. म्हणाले, "ती बाई समोर तांब्या ठेवून उभी होती गं. नाही कसं म्हणायचं?" आमच्याकडे दोन घरांचं वाजलं की आधी एकमेकांकडचं पाणी बंद होतं. पाणी नाकारणं म्हणजे काय, हे सरांना आम्हीच शिकवलं होतं. तेवढ्यात समोरून माझी एक भावजय कडेवर बाळ घेऊन विहिरीवरून येत होती. बाळाच्या दुधाची बाटली तिने तिथेच भरून घेतली होती. सरांना बघून तिने पदर सावरला आणि हसली. सर हसले नाहीत. त्या बाटलीकडे बघत राहिले.

नंतरच्या रविवारी त्यांनी मला कॉलेजच्या फाटकाशी बोलावलं. खांद्याला शबनम होती आणि हातात एक निळी पाण्याची बाटली, कॅम्पातल्या दुकानातून नुकतीच घेतलेली, वरचं लेबलही काढलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हातात बाटली बघितली नव्हती. म्हणाले, "चल. घरोघर जायचंय."

मला कळलं. मी म्हटलं, "सर, सोयरीक तुटेल."

"तुटू दे. पोरं राहतील."

त्या दिवशीचं मी फार सांगणार नाही. सर एकेका घरी गेले, ओट्यावर बसले, समोर पाणी आलं की पेला हाताने मागे सारायचे आणि सांगायचे, "नको. तुमच्याकडचं पाणी मी पिणार नाही." आणि त्यांच्यादेखत निळी बाटली उघडून घोट घ्यायचे. पहिल्या घरी लोकांना वाटलं, थट्टा चाललीय. तिसऱ्या घरापर्यंत बातमी पुढे पळाली होती. माणसं दारात येऊन उभी राहिली. माझ्या सख्ख्या मामाने सरांच्या हातातल्या बाटलीकडे बघून माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. सर मात्र एक घर चुकवायला तयार नव्हते. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, आणि दर घरी त्यांचा आवाज थोडा खाली जात होता.

हिराकाकीचं घर शेवटचं. तिला सगळं कळलेलं होतं. तरी तिने तोच पितळी तांब्या भरून आणला आणि सरांपुढे ठेवला.

"काकी, नको."

"त्या दिशी पिलाव."

"त्या दिवशी चुकलो," सर म्हणाले. "तुमचा मान राखायला गेलो. हे पाणी मी पिणार नाही, आणि तुम्हीही पिऊ नका. पाया पडतो."

काकीने तांब्या उचलला. अंगणाच्या कडेला जाऊन तो ओतला, पालथा घातला, आणि पाठ फिरवूनच म्हणाली, "जा मंग." ती आत गेली आणि दार लावून घेतलं. भरदुपारी आमच्याकडे कुणी दार लावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीने विहिरीचा रहाट सोडवला. तिसऱ्या दिवशी वर पत्रे टाकून दगड ठेवले. सगळ्या गावाने ते बघितलं. धातू, झिरपणं, साठणं यातलं काहीही ज्यांना पटलं नव्हतं, त्यांना एवढं कळलं की मास्तर हिराबाईचं पाणी प्यायला नाही आणि हिराबाईने विहीर झाकली. मग गाव पेटलं. बायका रिकामे हंडे घेऊन नगरपालिकेवर गेल्या. तिथे काकी पुढे होती. आमचं पाणी बाटलं म्हणून कॉलेजचा मास्तर सांगत फिरतो, आता तुम्हीच पाणी द्या, असं ती साहेबाच्या टेबलापुढे बसून म्हणाली. आधी टँकर आले. मग वर्ष-दीड वर्षाच्या हेलपाट्यांनंतर नळ आला. त्यासाठी लागणारे सगळे निकाल सरांनी माझ्याकरवी गावाला पोचवले. मी ते काकीच्या हातात द्यायचे तेव्हा ती कुणी दिले ते विचारायचीच नाही. विचारलं असतं तर ते तिला घेता आले नसते.

नळ जोडला त्या दिवशी सर आले होते. गावात नाही. रस्त्याच्या पलीकडे, चिंचेखाली उभे होते. नारळ फुटला, बायकांनी हळदीकुंकू वाहिलं, पोरं पाण्याखाली नाचली. गावातल्या पुष्कळांनी त्यांना बघितलं असणार. एकानेही हाक मारली नाही. मी धावत गेले आणि म्हटलं, सर, चला ना. म्हणाले, "बोलावल्याशिवाय जायचं नसतं." मग म्हणाले, "नळ आला ना? झालं तर मग." त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

त्यानंतर ते गावात आले नाहीत. कॉलेजने दुसरं गाव बघितलं. रीतसर सामंजस्य करार झाला, फोटो काढले, प्रिन्सिपलच्या खोलीत ते लावलेत. मी पुढे त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि आता दत्तक गावांचं खातं माझ्याकडेच आहे. तपासणी समिती येते, लोकसहभाग किती म्हणून विचारते, आणि मी त्यांना रंगीत फाइल दाखवते. सर निवृत्त होऊन बदलापूरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मी भेटायला गेले की आधी पाणी, मग चौकशी. महेशचं कसं आहे, त्या बाळाचं कसं आहे, शाळेत जातं का. बाळ शाळेत जात होतं, चांगलं धडधाकट होतं. ते मी सांगितलं की त्यांचा चेहरा जरा मोकळा व्हायचा. शेवटी, जिन्यापर्यंत सोडायला आले की हमखास विचारायचे, "हिराकाकी काही म्हणतात का?"

"नाही सर."

"असू दे," म्हणायचे. "मानी बाई आहे."

मी काकीलाही कितीदा म्हटलं. नळ आला तो कुणामुळे, म्हटलं. त्यांना एकदा बोलाव, म्हटलं. ती तांदूळ निवडत राहायची. एकदाच म्हणाली की त्याला वाट माहीत आहे. मी सांगितलं की ते बोलावल्याशिवाय येणार नाहीत. ती म्हणाली, "मंग माना तं बोलवाया जमणार नाय. मी सांगितला व्हता जा." दोघांचा माझ्यावर जीव, आणि दोघांच्या मधे मी. मला दोघांचाही राग यायचा. अजून येतो.

गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेले होते. दुपारी काकीच्या ओट्यावर बसले असताना सरांच्या मुलीचा फोन आला. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी फोन ठेवला. काकी समोर कोकमं वाळत घालत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काकी, नलावडे सर गेले."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. उठली, गुडघ्यांवर हात ठेवत ओटा उतरली आणि अंगणात गेली. मला वाटलं, नळाकडे चाललीय. ती विहिरीशी गेली आणि वाकून पत्र्यावरचा दगड ढकलायला लागली. आता तिचं वय झालंय, दगड हलेना. मी जाऊन हात लावला. दगड पडले, पत्रा सरकला, आणि इतक्या वर्षांनी त्या विहिरीचा गार वास वर आला. काकीने गोठ्यातून दोर आणि बादली आणली. मी म्हटलं, "काकी, हे नको. नळाचं घे."

"नलाचा पानी मी मास्तरना कदी दिलाच नाय," ती म्हणाली. तिने बादली खाली सोडली, भरून वर ओढली, आणि लुगड्यासकट डोक्यावरून ओतून घेतली.